खिळ्याविना

नोएडा, रविवार

प्रिय ताई,


'भिंती अजून बोडक्याच का?' असं परवा फोनवर विचारलंस, त्याची हकीकत ऐक. या टॉवरच्या भिंती विटांच्या नाहीतच. मिवान म्हणतात त्याला. ॲल्युमिनियमचे साचे उभारून भिंती नि स्लॅब काँक्रीटने एकदमच ओततात. तीन खिळे ठोकले, तिन्ही वाकले, चौथ्याच्या वेळी हातोडी अंगठ्यावर. ड्रिलवाला बोलवावा तर घर भाड्याचं, भोकांचे पैसे डिपॉझिटमधून जायचे. दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली. जुलैत ओल आली (इथे तिला 'सीलन' म्हणतात) आणि एका रात्री आजी-आजोबा रंगाच्या पापुद्र्यासकट खाली!

मग जेवणाच्या टेबलामागे आधीच्या भाडेकरूने सोडलेले दोन हुक दिसले. त्यांत बांबूची काठी अडकवली, तिला सुतळीचे पाच सर सोडले आणि फोटो कपड्यांच्या लाकडी चिमट्यांनी लावले. सर वळवळत होते, म्हणून प्रत्येकाच्या खालच्या टोकाला एकेक नट बांधला. चावडी बाजारात लग्नपत्रिकांच्या दुकानांशेजारी हातकागदाचे ताव मिळतात. फोटोंमागे तेच लावले. आपल्या वाड्यात फोटो पार आढ्याजवळ, पुढे झुकवलेले असायचे, मान दुखायची. मी बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येतील असे लावलेत. आपण बघणार जेवताना, उभं राहून कोण बघतंय?

मूळ फोटो मात्र ट्रंकेतच आहेत. पश्चिमेचं ऊन थेट येतं, वर्षभरात चेहरे उडाले असते. कोपऱ्यावरच्या दुकानात रंगीत प्रती काढल्या. मागची बाजूही काढायला सांगितली तर पोरगा म्हणाला, "आंटी, पीछे तो कुछ है ही नहीं." होतं गं. बाबांच्या शाईतलं 'मिरज, 1974'. दोन्ही बाजू पाठीला पाठ चिकटवून घेतल्या, हातकागदालाही मागून खिडकी कापली.

आता एक काम. रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून चित्रं छापायचे, म्हणून तर लक्ष्मी-सरस्वती आपल्यासारख्यांच्या माजघरात आल्या. स्वस्तातल्या चित्राला नाक मुरडणाऱ्या जाऊबाईंना हे जरूर सांग. माळ्यावरची आपली लक्ष्मी पाठवशील? फुटकी फ्रेम तिकडेच ठेव. नळीत गुंडाळू नकोस, जुना कागद तडकतो; दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून भाच्याबरोबर दे.

इथे पंखा ऑक्टोबरपर्यंत बंद होत नाही. वारा लागला की सर फिरतात आणि वरणभात कालवता कालवता समोर आजीच्या जागी बाबांचं अक्षर येतं. 'मिरज'मधल्या र ची शेपटी ते किती लांब ओढायचे, आठवतं?

तुझी,
धाकटी