बाबांची गाडी आणि 'कट-कट'चं कारण

घरात जुनी मोटरसायकल असेल तर हा आवाज तुमच्या ओळखीचा असेल. चावी फिरवली, सेल्फचं बटन दाबलं आणि इंजिन धडधडण्याऐवजी नुसतं 'कट-कट-कट'. बाजूने जाणारा पहिला माणूस थांबतो आणि सांगून मोकळा होतो, "बॅटरी गेली." बऱ्याचदा त्याचं खरंही असतं. पण नेहमी नाही, आणि त्या 'पण'साठीच हे लिहितेय.

बाबांची गाडी 2009ची, कार्ब्युरेटरवाली. तिला किक आहे, पण उजवा गुडघा दुखायला लागल्यापासून डॉक्टरांनी किक मारू नका म्हणून सांगितलंय. म्हणजे सेल्फ बंद तर गाडी बंद. आम्ही बडोद्याला राहतो. दांडिया बाजारातल्या मित्रांकडे जाणं, भाजी, बँक, बाबांचं सगळं त्या गाडीवर. "मला जरा सोडतेस का?" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. एका गॅरेजमध्ये नवी बॅटरी बसवली. आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा कट-कट. तिथेच सांगण्यात आलं, सेल्फ मोटर आणि अख्खी वायरिंग बदला, सहा हजार होतील. "त्यापेक्षा भंगारात देऊ," बाबा म्हणाले. त्या रात्री ते जेवताना फारसे बोलले नाहीत.

सेल्फचं काम कसं चालतं ते आधी बघू. बटन दाबलं की थोडासा करंट रिलेकडे जातो. रिले 'टक' करून बॅटरीची जाड वायर मोटरला जोडतो. मोटर फिरते आणि करंट इंजिनच्या धातूतून, अर्थिंगच्या वायरने बॅटरीच्या मायनसला परत येतो. प्लसची बाजू सगळे तपासतात. या परतीच्या वाटेकडे फारसं कुणी बघत नाही.

आवाजावरून बरंच कळतं. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, बटन किंवा क्लचजवळचा स्विच बघा. एकदाच 'टक' होऊन शांतता असेल तर रिलेचे पॉइंट किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. कट-कट-कट म्हणजे रिले ओढला जातोय, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतंय, रिले सुटतोय, पुन्हा ओढला जातोय. आता ते कोसळतंय कुठे, एवढंच शोधायचं.

मी चार-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर आणला. गाडी न्यूट्रलमध्ये, मीटर 20 व्होल्ट डीसीवर, दोन्ही टोकं बॅटरीला. आकडा 12.6, म्हणजे बॅटरी भरलेली. पण नुसता हा आकडा बघून समाधान मानू नका, बटन दाबलेलं असताना बघा. त्या वेळी तो साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दमलीय. बाबांनी बटन दाबलं. आमचा आकडा बाराच्या खाली उतरलाच नाही, आणि तरी न्यूट्रलचा हिरवा दिवा विझायला आला! बॅटरीत ताकद आहे, पण ती पोचत नाहीये.

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. बटन दाबल्यावर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, फार तर 0.2 किंवा 0.3. आमच्याकडे आकडा नाचत नाचत पाचच्या वर जात होता. सापडलं.

अर्थिंगची वायर इंजिनला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज आणि तेलकट मातीचा थर होता. आधी बॅटरीची मायनस वायर काढली. (मायनस नेहमी आधी काढायची आणि शेवटी लावायची, नाहीतर प्लस सोडवताना पान्हा चासीला लागला की ठिणगी उडते.) वायरच्या टोकाचा थिंबल आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट घट्ट केला, वरून व्हॅसलीन लावलं. खर्च पॉलिश पेपरचा. पहिल्या बटनाला गाडी सुरू. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर बघितलं तर 14.1, म्हणजे चार्जिंगही ठीक.

दोन गोष्टी मात्र करू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तार घालू नका, वायरिंग पेटू शकते. आणि बटन एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मोटर तापते.

बाबा गल्लीत चक्कर मारून आले आणि उतरता उतरता म्हणाले, "हँडल डावीकडे वळवलं की हॉर्न वाजत नाही गं." जुन्या गाड्यांत हँडलच्या मानेपाशी वायर रोज वाकून वाकून आतून तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र साबूत दिसतं. रविवारी हेडलाइट खोलून ती शोधायची आहे. टॉर्च धरायला बाबा असतीलच.