शाहनजफची भिंत, कोल्हापूरची पागा

शाळेत असताना एका मित्राने विचारलं होतं, "1857 ला तुमचे लोक कुणाच्या बाजूने होते रे?" तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. मागच्या वर्षी लखनौला शाहनजफ इमामबाड्यात उभा होतो, तेव्हा तोच प्रश्न परत आठवला.

अवधचा बादशाह गाजीउद्दीन हैदर याने नजफमधल्या हजरत अलींच्या रौज्याच्या धर्तीवर ही वास्तू बांधली. त्याची कबरही इथेच आहे. 16 नोव्हेंबर 1857 ला बंडवाले या भिंतींआडून लढत होते आणि बाहेरून इंग्रजांच्या तोफा धडाडत होत्या. त्यातल्या एका तोफेवर 'शॅनन' या युद्धनौकेचा खलाशी विल्यम हॉल होता. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा, काळा, गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. सोबतचे एकेक करून पडले. शेवटी जखमी लेफ्टनंट यंग आणि हॉल, दोघंच उरले. तरी भिंतीला भगदाड पडेपर्यंत तोफ थांबली नाही. हॉलला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

गुलामांचा मुलगा साम्राज्यासाठी लढला. त्याचं कौतुक करावं की राग, मला ठरवता येईना.

मग आमचं कोल्हापूर आठवलं. त्याच वर्षी जुलैत इथल्या 27व्या देशी पलटणीने बंड केलं. काही शिपाई गावाजवळच्या पागेत शिरले आणि शेवटपर्यंत लढले. लेफ्टनंट केर मूठभर स्वारांसह दरवाजा फोडून आत घुसला. व्हिक्टोरिया क्रॉस त्यालाही मिळाला. त्या झटापटीत केरचा जीव वाचवला तो त्याच्यासोबतच्या एका देशी शिपायाने. इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव मोडून-तोडून छापलंय. मी ते गणपतराव देवकर असं वाचतो. त्याला हा क्रॉस मिळणं शक्यच नव्हतं. हॉल राणीच्या आरमारातला होता म्हणून पात्र ठरला. देशी शिपायांना ही पात्रता 1911 साली मिळाली. त्यांच्यातला पहिला मानकरी 1914 सालचा खुदादाद खान.

आणि पागेत मेलेले? त्यांच्या शौर्याची नोंद कोण ठेवणार?

पदक शौर्याला मिळतं खरं, पण आधी बाजू बघितली जाते. मित्राला आज सांगेन, "आमचे लोक दोन्हीकडे होते. तुमच्यासारखेच."