नंबर न जुळणारी रायफल

आमच्या शाळेच्या एन.सी.सी.च्या खोलीत थ्री नॉट थ्रीच्या सहा डी.पी. रायफली आहेत. डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. नळीला भोक पाडलेले, आतली पिन कापलेली. तिच्यातून गोळी सुटणे शक्यच नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे एका माऊलीला हेच समजावताना आमची दमछाक झाली.

गेल्या पावसाळ्यात खोलीचे छत गळले आणि तीन रायफली गंजल्या. लाकूडही फुगले. बटालियनचे आर्मरर हवालदारसाहेब पाहून म्हणाले, "तिन्ही मिळून एक होईल. मी येईपर्यंत हात लावू नका."

आम्ही हात लावलाच. दस्त्याच्या तळाशी छोटे झाकण असते. आत लांब स्क्रू. तो फिरवला की दस्ता सुटतो, एवढे पाहून ठेवले होते. फिरवला, आणि पुढच्या लाकडातून कर्रकन आवाज आला. त्या स्क्रूचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. आधी पुढचे लाकूड काढायचे, मग स्क्रू. क्रम चुकला की लाकूड चिरते. हवालदारसाहेब रागावले नाहीत, "मास्तर, तुम्हीसुद्धा?" एवढेच म्हणाले. ते जास्त लागले.

मग तीन रविवार काम चालले. पेच रॉकेलमध्ये भिजवले, लाकडाला अळशीचे तेल चोळले. जोहरची नमाज झाली की मुले पुन्हा हजर. बॉडी निघाली बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली, १९४३ची. बोल्ट घेतला तो दुसऱ्या रायफलीचा, तिच्यावर एनफिल्ड आणि १९१७ असा शिक्का. तोंडाकडच्या लोखंडी टोपीवर तिसराच नंबर. मुलांना वाटले, आपण काहीतरी चुकतोय. खऱ्या रायफलीत ही चूकच ठरली असती. काडतूस आत नेमके किती घट्ट बसते ते बोल्ट आणि बॉडीच्या जोडीवर ठरते, म्हणून दोन्हींवर एकच नंबर ठोकतात. परका बोल्ट घालून बार काढला तर काडतुसाचे पितळ फाटू शकते. कवायतीला मात्र बोल्ट नीट मागेपुढे सरकला की झाले.

दस्त्यावर एस हे इंग्रजी अक्षर होते. एस म्हणजे शॉर्ट, नेहमीपेक्षा अर्धा इंच आखूड. सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे तेव्हा दस्ते मिळत. आमच्या नववीतल्या सर्वांत बुटक्या कॅडेटच्या खांद्याला तो असा बसला, की २६ जानेवारीच्या तुकडीत त्याचे नाव तिथेच पक्के झाले.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी शाळेत आली. अपघाताची भीती असेल असे समजून आम्ही नळीचे भोक दाखवले. तिने त्यातून पाहिले, मान डोलावली आणि म्हणाली, "सर, गोळीची भीती नाही. पोराच्या हातात बंदूक, आणि तेवढाच फोटो कुणी पुढे पाठवला तर? गणवेश कापून, शाळा कापून?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे तर हा विचार आमच्याही मनात येऊन गेला होता. आम्ही तो बोललो नव्हतो. हवालदारसाहेब साताऱ्याकडचे. तेही क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही मैदानावर या. पहिल्या रांगेत बसा." नाव ठेवायचे की काढायचे, हे आम्ही तिच्यावरच सोडले.

ती आली. सोबत पोराची दादीही होती. तुकडी ध्वजासमोरून गेली. सलामी शस्त्राच्या वेळी आमच्या जोड-रायफलीचा पट्टा जरा खुळखुळला, तो आम्हालाच ऐकू आला असावा. कार्यक्रम संपल्यावर अम्मीने पोराला थांबवले आणि मोबाईल काढला. मागे तिरंगा आणि शाळेची पाटी दोन्ही यावीत म्हणून तिने दोनदा जागा बदलली. मग फोटो काढला.