सूर्यफुलाच्या बियांची बेगमी

रब्बीच्या आरंभी लातूरच्या आमच्या परसात सूर्यफुलाचा एक वाफा लावण्याचा प्रघात मी अनेक वर्षे पाळीत आलो आहे; आणि पाकळ्या झडून पाहणाऱ्यांचे कौतुक ओसरल्यावर जे काम हाती येते, तेच मला या झाडाच्या सहवासातील सर्वांत मोलाचे वाटते. मूळचे उत्तर अमेरिकेतील हे झाड तेलबी म्हणून १९६९ च्या सुमारास रशियातून भारतात आले आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पुढे चांगलेच स्थिरावले.

मधमाश्यांचे येणे थांबले की प्रथम राघूंचा बंदोबस्त करावा लागतो; त्यासाठी मी प्रत्येक फुलावर मलमलीची सैल खोळ बांधतो. दाणा पक्व होताना फूल अधोमुख होते, त्याची हिरवी पाठ पिवळी पडते, आणि ती तपकिरी होऊ लागली म्हणजे वीतभर देठ राखून मी ते विळ्याने कापतो. ओसरीवर हवेशीर टांगून वाळलेल्या फुलांच्या पाठीवर काठीने हलके झोडपले असता दाणे सहज सुटतात. सुपात पाखडताना मधल्या भागातील पोचट दाणे उडून जातात आणि कडेचे भरदार दाणे मागे उरतात.

परंतु खरी कसोटी साठवणीची. पक्व दाण्यात सुमारे तीस टक्के ओलावा असतो, तो नऊ-दहा टक्क्यांवर येईपर्यंत धीर धरावा लागतो. कारण ज्या विपुल तेलासाठी या दाण्याची ख्याती, तेच तेल दमट साठवणीत खवट होते आणि अंकुरशक्तीचा नाश करते. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात गोणपाटावर दाणे पसरून मी ते वारंवार हलवितो, टरफल दाताखाली कट्‌कन फुटते याची खातरजमा करतो, आणि पूर्ण निवाल्यावरच वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासह पत्र्याच्या डब्यात भरून वर तारखेची चिठ्ठी लावतो. ताजे बी सुमारे दीड महिना सुप्तावस्थेत असते; तेवढ्या अवधीत ते उगवले नाही म्हणून त्याला निर्जीव ठरवू नये.

संकरित वाणाचे बी पुढच्या पिढीत मूळ गुण राखीत नाही, म्हणून परसासाठी सरळ वाणच निवडावा. आणि निरोगी फुलांच्या कडेचे उत्तम दाणे आधी बियाण्यासाठी राखून, उरलेलेच भाजून खावेत.