धुराड्याचा रंग

विज्ञान प्रदर्शनाला चार दिवस उरले होते आणि वर्गात रंग जळाल्याचा वास भरला होता. आमच्या उर्दू शाळेतल्या सातवीच्या मुलींनी वाफेचे छोटे इंजिन केले होते. पितळी बॉयलर तांबटाकडून चांदीच्या डाकाने जोडून घेतला होता, सेफ्टी व्हॉल्व्हही बसवला होता. रंग मात्र मी आणला होता. खिडक्यांच्या गजांना लावतात तो हिरवा ऑइल पेंट. स्पिरिटचा दिवा पेटवून दहा मिनिटेही झाली नव्हती, तोच चुलीभोवतीच्या पत्र्यावर आणि धुराड्यावर फोड आले. रंग तपकिरी होऊन त्याचे पापुद्रे सुटू लागले. मुली माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

याचे उत्तर माझ्या घरातच होते, पण विचारायला जीभ वळत नव्हती. अब्बा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात रंगारी होते. बार्शी लाइट रेल्वेची ती नॅरोगेज इंजिने त्यांनी रंगवली. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी मात्र 'रेल्वेत नोकरी' एवढेच लिहीत असे. 'रंगारी' लिहायची लाज वाटे. एकदा सही करताना त्यांनी तो रकाना वाचला. काही बोलले नाहीत. पुढे वर्कशॉपाच्या गोष्टीही त्यांनी कधी काढल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी जळके धुराडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, नखाने पापुद्रा उचलला.

"अस्तर कोणते?"

"रेड ऑक्साइड. साधेच."

"नीचे का जल गया, तो ऊपर का क्या टिकेगा, बेटी?"

मग कितीतरी वर्षांनी अब्बा बोलत बसले. मी विचारले, मोठ्या इंजिनाचा बॉयलर रंगीत असतो, तो कसा टिकतो? ते म्हणाले, तो रंग बॉयलरवर नसतोच. दहा किलो दाबाला आतले पाणी सुमारे 184 अंशांवर असते. पण बॉयलरभोवती उष्णता अडवणारे वेष्टण आणि त्यावर पत्रा असतो. रंग त्या पत्र्याला. पुढचा स्मोकबॉक्स मात्र उघडा. आत 300 अंशांच्या वरचा धूर. तिथे शोभेचा रंग चालत नाही. पूर्वी जवसाच्या तेलात ग्रॅफाइट किंवा काजळी कालवून लावत, आणि तेही पुन्हापुन्हा लावावे लागे. आता सिलिकॉनचा काळा किंवा ॲल्युमिनियमचा रंग मिळतो. त्यातले चांगले 600 अंशांपर्यंत टिकतात.

"पण डबा बघून रंग घेऊ नकोस. तो भाग किती तापतो, ते आधी बघ."

दुसऱ्या दिवशी अब्बा स्वतः शाळेत आले. मुलींकडून जुना रंग पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडून घेतला, पॉलिश पेपर मारून घेतला, थिनरने पुसून घेतला. "आता बोट लावायचे नाही. हाताचे तेलही नडते." अस्तर नाही. काळ्या सिलिकॉन रंगाचे दोनच पातळ हात. जाड थर तापल्यावर फुगतो. रंग हाताला सुकला तरी कच्चाच असतो, म्हणून वाळल्यावर दिव्याची वात बारीक ठेवून हळूहळू तापवला. थोडा धूर आला, वास आला. मुली घाबरल्या. अब्बा म्हणाले, "येऊ द्या. हा रंग आगीतच पक्का होतो." हिरवा रंग त्यांनी फक्त चाकांना आणि खालच्या चौकटीला लावू दिला.

प्रदर्शनाच्या सकाळी तक्ता लिहिणाऱ्या मुलीने विचारले, "मॅडम, मार्गदर्शक म्हणून दादांचे नाव लिहू ना? पुढे काय लिहू? निवृत्त रेल्वे कर्मचारी?"

"नाही," मी म्हटले, "रेल्वे रंगारी लिही."

दुपारी अब्बा आले. इंजिन तासभर चालून थांबले होते. त्यांनी तक्ता वाचला. दोनदा वाचला असावा. मग निवालेल्या धुराड्यावरून बोट फिरवले आणि मला दाखवले. बोटाला काही लागले नव्हते.