झाकणाचा स्क्रू

आबांचा जुना स्टार्टर अजून मोटारीच्या खोलीत भिंतीला आहे. पाच एचपीचा, राखाडी लोखंडी डबा. बाहेर दोनच बटणं: हिरवं चालू, लाल बंद. शेजारी फळीवर तीन बल्ब. तिन्ही नीट पेटले की थ्री फेज आली. एखादा मिणमिणला की हिरव्याला हात लावायचा नाही. चौथीत असताना एवढ्या शिदोरीवर मी मोटार चालू करायचो.

खरी करामत झाकणाआड होती. आत ओव्हरलोड रिलेचा बारका डायल, त्यावर अँपिअरचे आकडे. पाच एचपीला साधारण सात-साडेसात. झाकणाला स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर वायरमनच्या खिशात. आबांनी तो डायल कधी पाहिला नाही, त्यांचं अडलंही नाही. वायरमनला हवं ते मात्र तिथंच सापडायचं.

आमचं कळंब म्हणजे नीरा नदी आणि १८८५ सालचा नीरा डावा कालवा. उसाला पाणी रात्रीच्या लाईटवर द्यायचं, म्हणजे थंडीत बारा वाजता बॅटरी घेऊन बांधाबांधानं जायचं, सापाची धास्ती वेगळीच. त्या फेऱ्यांची मला अजिबात आठवण येत नाही.

आता घरबसल्या फोनवरून चालणारा मोबाईल स्टार्टर आहे. पण त्याच्या अ‍ॅपमध्ये ड्राय रन, ओव्हरलोड, टायमर, फेज, सगळं चालू-बंदच्या बटणाखाली एकाच पानावर. मोटार सारखी ट्रिप व्हायची म्हणून मी शहाणपणानं ओव्हरलोडचा आकडा वाढवला. पंधरवड्यात मोटार जळाली, रिवायंडिंगला टाकली. चूक माझीच. पण जुन्या डब्यानं मला ती करू दिली नसती.

काय समोर ठेवायचं आणि काय झाकणाआड, हे कोडं मोठ्या कंपन्यांनाही सहज सुटलेलं नाही. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००० मध्ये कमी वापरातले पर्याय मेनूतून आपोआप दडवायला सुरुवात केली. काल दिसलेलं आज जागेवर नाही, म्हणून लोक वैतागले. २००७ च्या आवृत्तीत ती मेनूची मांडणीच बदलली. स्टार्टरचं झाकण असं दडवादडवी करत नव्हतं. आत काहीतरी आहे आणि ते आपल्या कामाचं नाही, हे पोरालाही कळायचं.

आबांच्या फोनात मी अ‍ॅप टाकलेलं नाही. स्टार्टरमधल्या सिमचा नंबर तेवढा ‘मोटार’ नावानं सेव्ह करून दिलाय. ते मिस कॉल देतात आणि ओट्यावर बसून पाइपाला पाणी आल्याचा आवाज येतोय का, ते ऐकत राहतात.