नू : कुरंगांतील रानबैल

हरिण म्हटले की चपळ, सडपातळ देह आणि टपोरे डोळे आपल्या मनासमोर उभे राहतात. आफ्रिकेतील नू या प्राण्यास मात्र हे वर्णन लागू पडत नाही. आपल्या काळविटाशी व नीलगाईशी त्याचे नाते. परंतु शिंगे गाईची, दाढी बोकडाची, शेपूट घोड्याची. खांदे भारदस्त, तर पाठ मागे उतरत गेलेली. या कुरूप रूपावरून त्याची पारख करण्याची घाई कुणी करू नये, असे आम्हांस वाटते.

टांझानियातील सेरेंगेटी व केनियातील मसाई मारा या प्रदेशांत लक्षावधी नू पावसाच्या मागोमाग वर्षभर फिरत असतात. झेब्रे उंच, राठ गवत खाऊन पुढे जातात. खालचा कोवळा पाला नूच्या वाट्यास येतो. साधारणतः फेब्रुवारीच्या सुमारास, अवघ्या तीन आठवड्यांत, बहुतेक माद्या दक्षिणेकडील मैदानांत वितात. वासरू दहा मिनिटांच्या आत पायांवर उभे राहते आणि लवकरच आईबरोबर धावू लागते. सिंह व तरस टपलेले असतातच. परंतु एकाच वेळी इतकी वासरे जन्मास येतात की, त्यांतील पुष्कळ वाचतात. पुढे मारा नदी ओलांडताना दरवर्षी हजारो नू बुडतात. त्यांचे मांस मासे व गिधाडे खातात, आणि हाडांतील स्फुरद कित्येक वर्षे नदीस मिळत राहते.

या प्राण्याचा इतिहास आपल्या परिचयाच्या एका रोगाशी जोडलेला आहे. बुळकांडीने गोठे कसे ओस पडत, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. १८८७ च्या सुमारास हा रोग आफ्रिकेत शिरला; तो भारतातून नेलेल्या गुरांबरोबर गेला, असे मानले जाते. गुरे मेली, गुराखी उपासमारीने मेले, आणि नूंचे कळपही झडले. पुढे वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्याने केनियात प्रभावी लस सिद्ध केली. सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचण्यात आली. नूला कुणी सुई लावली नव्हती. पण गुरांतील रोग हटताच त्याच्यावरील संकटही टळले. १९६१ साली सुमारे अडीच लाख असलेली संख्या १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेली. वाढलेल्या कळपांनी गवत खाऊन टाकले, त्यामुळे वणवे कमी झाले आणि रोपट्यांना वृक्ष होण्यास अवसर मिळाला. २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

याच्या उलट कथा बोत्स्वानाची. तेथेही हेतू गुरे वाचविण्याचाच होता. लाळ्या-खुरकूत रोखण्यासाठी १९५८ पासून कालाहारीत लांबच लांब तारेची कुंपणे उभारली गेली. दुष्काळात पाण्याकडे निघालेले नू त्या तारांशी अडले आणि १९८० च्या दशकात हजारोंनी तहानेने मेले.

दोन्हीकडे काळजी गुरांचीच होती. एकीकडे लशीने रोग हटविला आणि त्याचा लाभ न मागता रानासही मिळाला. दुसरीकडे तारेने वाटच बंद केली. आपले ते राखताना शेजाऱ्याची पाण्याची वाट तुटत तर नाही ना, एवढे पाहणे माणसाच्या हाती आहे. नूला मोकळी वाट मिळाली, तर पुढचे तो आपले आपण पाहून घेतो.